निळ्या गाडीची परवानगी

या लेखातली गाडी निळी आहे. खरी गाडी कुठल्या रंगाची ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. निळा रंग ती गाडी चालवणाऱ्या बाईंनी स्वतः निवडला. "निळी करा सर, मला पहिल्यापासून निळीच हवी होती," असं त्या म्हणाल्या. त्यांच्या सासूबाई शेजारून म्हणाल्या, "आणि मला जरा बारीक दाखव." म्हणून या लेखातल्या सासूबाई बारीक आहेत. एवढी फिरवाफिरवी सोडली तर पुढचं सगळं जसं घडलं तसं आहे, आणि त्यातला गुन्हेगार मी आहे.

मी तळा या गावी राहतो आणि जवळच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला नाव घातलं. त्या वयात माणसं गुडघ्यांची काळजी घेतात. मी विषय घेतला, पुरुष आखातात नोकरीला असलेल्या घरांत निर्णय कोण घेतं. दिघीच्या बाजूला खाडीकाठची गावं आहेत, तिथे अशी घरं पुष्कळ. मी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली, एक रेकॉर्डर घेतला, संमतीपत्रांचा गठ्ठा छापून घेतला. आणि बायकोला बरोबर घेतलं.

बायकोला का, तर पुरुष घरात नाही अशा घरी अनोळखी पुरुषाने जाऊन बसणं बरं दिसत नाही. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, गावोगावी तिची एखादी विद्यार्थिनी सून म्हणून गेलेली असते, त्यामुळे दार लगेच उघडतं. आमची पद्धत ठरून गेली. मी ओटीवर खुर्चीत बसायचो, मांडीवर प्रश्नावली. घरातली बाई उंबऱ्याच्या आतून उत्तरं द्यायची. "घरात शेवटचा शब्द कुणाचा?" "ह्यांचा." "मुलांची शाळा कुणी ठरवली?" "ह्यांनी." "घराबाहेर जायचं असल्यास कुणाची परवानगी घेता?" "ह्यांची." चाळीस प्रश्नांना चाळीस वेळा 'हे'. तेवढ्यात बायको आत स्वयंपाकघरात गेलेली असायची. तिथून हसण्याचे आवाज यायचे, भांडी पडायची, कुणीतरी "तौबा तौबा" करायचं आणि परत हसायचं. मी ओटीवर रेकॉर्डरचा लाल दिवा बघत बसायचो.

पाच-सहा घरं झाली आणि माझ्या लक्षात आलं की माझं संशोधन आत चाललंय.

खरी चूक इथे सुरू झाली. येताना एसटीत बायको मला आत काय काय झालं ते सांगायची. ती सांगायची ते नवऱ्याला सांगतात तसं, खिडकीला टेकून, मध्येच हसून, "कुणाला सांगू नका हं" असं म्हणून. मीही नवऱ्यासारखा ऐकायचो. पण घरी पोचल्या पोचल्या, ती चहा टाकायला वळली की मी वही काढायचो आणि आठवेल तेवढं लिहून ठेवायचो. वहीच्या पानावर वर लिहायचो, 'सहभागी निरीक्षण'. शब्द किती भारदस्त! कुणाचा सहभाग आणि कुणाचं निरीक्षण, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

निळ्या गाडीची गोष्ट अशीच माझ्याकडे आली.

खाडीजवळ एक घर आहे. सून, सासू आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सासूबाईंचा मुलगा दुबईला. त्याने मागच्या सुट्टीत गाडी घेतली, महिनाभर फिरवली, जाताना तिच्यावर खोळ चढवली आणि सांगून गेला की मी येईपर्यंत हात लावू नका. आमच्या किनाऱ्यावर ही रीतच आहे. दहा दहा महिने गाड्या अंगणात खोळीखाली झोपलेल्या असतात आणि मालक परदेशातून व्हिडिओ कॉलवर त्यांची तब्येत विचारतो. बॅटरी उतरू नये म्हणून एका चुलतभावाने दर शुक्रवारी येऊन गाडी सुरू करायची, असं ठरलं होतं. चुलतभाऊ दोन शुक्रवार आला. तिसऱ्या शुक्रवारी सुनेने खोळ वर करून स्वतःच चावी फिरवली.

लायसन तिच्याकडे होतंच. माहेरी असताना काढलेलं. नवरा म्हणायचा, "तो कागद आहे, हात कुठे बसलाय?" तर तिने हात बसवायला घेतला. आधी नुसती सुरू करून बंद. मग फाटकापर्यंत पुढे, मागे. मग एका पहाटे सासूबाई येऊन शेजारच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चल."

"कुठं अम्मी?"

"पलीकडं."

पलीकडे म्हणजे खाडीच्या पलीकडे, आगरदांड्याच्या बाजूला. तिथे सासूबाईंची थोरली बहीण राहते. ती अंथरुणाला खिळलेली. इकडच्या किनाऱ्यावरून तिकडची झाडं दिसतात, पण मुलगा सुट्टीवर येईल तेव्हाच भेट. बस, फेरीबोट, रिक्षा हे सासूबाईंच्या पायांना झेपत नाही. तर सुनेने गाडी दिघीच्या जेट्टीवर आणली आणि पहिल्या फेरीबोटीत घातली. फेरीबोटीत गाडी घालणं सोपं नसतं. खाली पाणी, पुढे लोखंडी फळी, बोटवाला हात हलवतोय, "येऊ द्या, येऊ द्या, बस बस बस!" तिने घातली. पलीकडे बहिणीकडे चहा झाला, रडणं झालं, आणि मुलांच्या शाळेच्या वेळेला दोघी परत. खोळ जागेवर. तेव्हापासून आठवड्यातून एकदा.

एकच अडचण होती. किलोमीटरचा आकडा. मुलगा आकडा लिहून घेऊन गेला असणार, अशी दोघींना धास्ती. तेव्हा सासूबाईंनी तोडगा काढला. "उलटी चालव. जेवढी पुढं गेली तेवढी मागं चालव. आकडा उतरंल." आणि सुनेने, जिच्याकडे लायसन आहे तिने, अंगणात नारळाभोवती गाडी उलटी चालवली. फेरीवर फेरी. सासूबाई आकड्यावर बोट ठेवून बसलेल्या. आकडा काही उतरेना, उलट शेवटी एकाने वाढला. "चायनाचा माल," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने हे मला एसटीत सांगितलं तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो की कंडक्टरने म्हसळ्याच्या आधी मागे वळून बघितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आणि त्याच डोळ्यांनी मी घरी येऊन नऊ पानं लिहिली.

आणि याच सुनेने मला ओटीवर काय सांगितलं होतं? प्रश्न एकतिसावा: 'पतीपासून लपवून आपण एखादा निर्णय घेतला आहे का?' उत्तर: नाही. माझ्या पाठीमागे चार हातांवर गाडी खोळीखाली उभी होती आणि मी समाधानाने 'नाही'वर खूण केली होती.

पुढे माणगावला एक चर्चासत्र झालं. मी निबंध वाचला. नावं अर्थातच बदलली होती, म्हणजे नावं नव्हतीच, 'उत्तरदात्री क्रमांक सात' असं होतं. गाव 'किनारपट्टीवरील एक गाव'. गाडी लाल केली होती. मला वाटलं, झालं, कुणाचं नुकसान नाही. आणि काय सांगू, सभागृह हसत होतं! आमच्या विषयाच्या चर्चासत्रात लोक जांभया देतात, मोबाइल बघतात. इथे मागच्या रांगेतले माना उंच करून ऐकत होते. उलट्या फेऱ्यांच्या जागी टाळ्या पडल्या. मी तो परिच्छेद परत वाचला. कुणी मागणी केली नव्हती. माझं मलाच वाचावंसं वाटलं.

तिसऱ्या रांगेत माझी बायको बसली होती. खास माझं भाषण ऐकायला आली होती, पैठणी नेसून. सगळं सभागृह हसत होतं आणि ती एकटी हसत नव्हती.

चहाच्या वेळी म्हसळ्याकडचे एक शिक्षक माझ्याजवळ आले, हातात वडा, तोंडभर हसू. "झकास सर! ती निळी गाडी ना? नारळाखाली असते ती?"

"नाही," मी म्हणालो, "लाल."

"लाल कुठली सर, त्या गावात लाल गाडीच नाय. आणि फेरीबोटीत गाडी घालणारी बाई तिथे कितीशा असणार? माझ्या मेव्हण्याचं घर तिथंच आहे. त्याला फोनवर सांगितलं तर पोट धरून हसेल!"

"सांगू नका," मी म्हणालो.

"का?"

मी त्यांच्या वड्याकडे बघत उभा राहिलो. मी सात आकडा घातला होता, गाव पुसलं होतं, रंग बदलला होता, आणि फेरीबोट तशीच ठेवली होती. जिच्यामुळे गोष्ट गोड लागते तीच पाटी होती घरावरची.

माणगाव ते तळा बायको खिडकीबाहेर बघत आली. घरात शिरल्यावर पैठणीची पिन काढता काढता म्हणाली, "मी तुमचा रेकॉर्डर आहे का?"

"अगं, नावं बदलली आहेत."

"माझं कुठे बदललं? त्या सुनेने ते मला सांगितलं होतं. तिला कळलं तर ती काय म्हणेल, बाईंनी जाऊन नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्याने माणगावात जाऊन हसवलं. आणि तिच्या नवऱ्याला कळलं तर? ती एवढा एक रस्ता चालवते. तो बंद झाला तर म्हातारीला बहिणीला बघायला तुम्ही नेणार आहात?"

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या मुंबईला असतात, कमी बोलतात, आणि प्रत्येक प्रश्नानंतर एवढा वेळ गप्प राहतात की माणूस आपोआप खरं बोलतो. मला वाटलं, त्या सावरून घेतील.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बायकोने."

"बायकोला?"

"त्या सुनेने."

"बायको तुम्हाला सांगते आणि तुम्ही लिहून ठेवता, हे सुनेला माहीत होतं?"

"नाही."

"बायकोला?"

"तिलाही नाही."

"मग ही नऊ पानं तुमची नाहीत," त्या म्हणाल्या. "ज्यांची आहेत त्यांना नेऊन वाचून दाखवा. त्या नाही म्हणाल्या तर नाही."

त्या नऊ पानांवर माझा सगळा प्रबंध उभा होता. बाकी चाळीस गुणिले 'ह्यांनी'. पण मला आणखी एक गोष्ट टोचत होती. मी लहान असताना आमच्या बौद्धवाडीत असेच लोक फॉर्म घेऊन यायचे. घरात रेडिओ आहे का, आठवड्यातून किती वेळा भात, किती वेळा नाचणी. माझी आई त्यांच्यासाठी पाहुण्यांचे कप काढायची. ते लिहून घ्यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. परत कधी कुणी आलं नाही. आई पुढे कितीतरी वर्षं मधूनच विचारायची, "त्या लोकांनी काय लिहिलं असंल रं आपल्याबद्दल?" मी शिकलो तो खरं म्हणजे तिला उत्तर देता यावं म्हणून. आणि शिकून मी तोच फॉर्मवाला झालो होतो.

रविवारी आम्ही दोघं गेलो. मी वाटेत एसटीत पाच प्रकारे माफी तयार केली. बायको म्हणाली, "मोठ्याने बोलताय तुम्ही."

सून दारातच होती. बायकोला बघून खुश झाली, मला बघून नेहमीप्रमाणे ओटीवरची खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो नाही. उभ्याने, एका दमात सगळं सांगून टाकलं. बायकोला दोष नाही, मी चोरून लिहिलं, माणगावात वाचलं, लोक हसले, म्हसळ्याच्या एकाने ओळखलं. पाच माफ्यांपैकी एकही धड जमली नाही, सगळ्यांची खिचडी झाली.

सुनेचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिने आधी माझ्याकडे नाही, बायकोकडे बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

बायको म्हणाली, "मी ह्यांना हसत हसत सांगितलं गं. ते लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. पण सांगितलं मीच."

तेवढ्यात सासूबाई आतून भिंत धरत बाहेर आल्या. "काय झालं? कोण मेलं?"

"कुणी नाय अम्मी. सरांनी आपल्या गाडीचं लिहिलंय."

"काय लिहिलंय? वाच रं मास्तर."

"वाचू?"

"मग! माणगाववाल्यांनी ऐकायचं आणि आम्ही न्हाय?"

मी पिशवीतून नऊ पानं काढली आणि वाचायला लागलो. 'उत्तरदात्री क्रमांक सात' म्हटल्याबरोबर सासूबाईंनी हात वर केला. "सात ही. मग मी कितवी?"

"तुम्हाला नंबर नाही. तुम्ही... सासू."

"गाडी मी काढायला लावली आणि नंबर हिला!"

मी पुढे वाचलं. "त्यांनी नारळाभोवती अकरा उलट्या फेऱ्या मारल्या..."

"अकरा?" सासूबाई ओरडल्या. "चौदा! मी मोजल्या. लिही, चौदा."

"अम्मी, चौदाव्या फेरीला गाडी नारळाला लागली, ती फेरी धरायची नाय."

"लागली?" मी आणि बायको एकदमच म्हणालो. हे बायकोलाही माहीत नव्हतं.

सून उठली, अंगणात गेली, खोळीचं मागचं टोक उचललं. बंपरवर तळहाताएवढा चट्टा होता आणि त्यावर कुणीतरी मुलांच्या शाळेच्या रंगपेटीतला रंग भरला होता. "हे मी केलंय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. तेव्हा सून हसली. ओठ दाबून धरले, पण खांदे हलायला लागले, मग बायको सुटली, मग सासूबाई, आणि शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं तसं सुनेने खोळ झटकन खाली टाकली आणि आम्ही चौघं खोळीआड वाकून हसत राहिलो. माझा गुन्हा, माझी पानं, आणि मी त्यांच्यात वाकून हसतोय! अजून आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं. कुठलं आधी, ते सांगता येत नाही.

मग सून थांबली. ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "छान लिहिलंय सर. पण हे आमचं आहे."

"हो."

"प्रबंधात नको."

"नको," मी म्हणालो. आश्चर्य म्हणजे मला हलकं वाटलं.

"आणि तुमचं काय?"

"माझं काय?"

"तुम्हाला आमचं सगळं माहीत. आम्हाला तुमचं काय माहीत? ते कागद द्या चाळीस प्रश्नांचे. आणि बसा."

तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पायरीवर बसली, मांडीवर माझी प्रश्नावली. सासूबाईंनी रेकॉर्डर हातात घेतला. "लाल दिवा लागला की बोलायचं ना?" आधी संमतीपत्र झालं. मी तो छापील मजकूर पहिल्यांदाच उत्तर देणाऱ्याच्या बाजूने वाचला. 'आपण स्वेच्छेने सहभागी होत असून कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकता.' मी माघारीच्या ओळीकडेच बघत बसलोय हे ओळखून सासूबाई म्हणाल्या, "सही कर. आम्ही केली तवा मी विचारलं होतं, गाडी तर जप्त न्हाय ना होणार? तुझी तर गाडीबी न्हाय."

मी सही केली.

"घरात शेवटचा शब्द कुणाचा?" सुनेने विचारलं.

"दोघांचा," मी म्हणालो.

बायको खोकली.

"तिचा," मी म्हणालो.

"जेवायला काय करायचं हे कोण ठरवतं?" "ती." "मुलांची शाळा?" "ती." "संशोधनाचा विषय?" "मी." बायको परत खोकली. "तिने सुचवला," मी म्हणालो. सासूबाई रेकॉर्डर माझ्या तोंडाजवळ आणत होत्या, जसा काही मी दूध न पिणारं वासरू.

"प्रश्न एकतिसावा," सून म्हणाली आणि थांबली. तिने तो आधी मनात वाचला होता, हे दिसलं. "पत्नीपासून लपवून आपण एखादा निर्णय घेतला आहे का?"

तिथे उत्तराची जागा फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढीच होती. मीच तशी ठेवली होती.

"होय," मी म्हणालो.

"कोणता?"

"ती बोलायची ते लिहून ठेवायचा."

कुणी हसलं नाही. लाल दिवा चालू होता. बायको समोर नारळाकडे बघत होती. सुनेने पेनाने 'होय'वर खूण केली, शांतपणे, माझ्यासारखीच, आणि म्हणाली, "मी नाही म्हणाले होते. आता समजलं कसं वाटतं ते?"

समजलं.

बाकीचे नऊ प्रश्न तिने सोडून दिले. माझी नऊ पानं मागून घेतली, घडी केली आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली, इन्शुरन्सच्या कागदांबरोबर. मग चौघांनी बसून खरा प्रश्न घेतला. नवरा तीन आठवड्यांनी सुट्टीवर येणार होता. म्हसळ्याचे शिक्षक, त्यांचा मेव्हणा, मेव्हण्याचा फोन. त्याच्या कानावर जाणारच.

"मी त्या सरांना जाऊन भेटतो," मी म्हणालो.

"तुम्ही कुठं जाऊ नका," सून म्हणाली. "तुम्ही गेलात की गोष्ट वाढते. ह्यांना दुसऱ्याकडून कळायच्या आधी मीच सांगीन."

"फोनवर?" बायकोने विचारलं.

"फोनवर ते ओरडतात आणि नेटवर्क गेलं म्हणतात." ती विचार करत राहिली. "ते मुंबईहून रेल्वेने येतात, माणगावला उतरतात. मग तिथून रिक्षा ठरवतात." तिने सासूबाईंकडे बघितलं. "अम्मी?"

सासूबाई इतक्या जोरात हसल्या की रेकॉर्डर त्यांच्या हातातून पडला. "मी पुढं बसणार!"

तीन आठवडे मी नीट जेवलो नाही. बायकोला रोज विचारायचो, "त्यांचा सराव झाला का? घाटाचा रस्ता आहे गं." ती म्हणायची, "ती फेरीबोटीत गाडी घालते. तुम्हाला जिना उतरताना कठडा लागतो." ठरल्या दिवशी बायकोला खास बोलावणं होतं, मागच्या सीटवर, सोबत म्हणून. मलाही बोलावणं होतं, पण अटींवर. स्टेशनबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभं राहायचं. जवळ यायचं नाही. वही आणायची नाही. रेकॉर्डर नाही. मोबाइलवर काही काढायचं नाही. "काही बिघडलं तर माणूस असावा म्हणून तेवढं," सुनेने निरोप दिला होता. माझ्यावर एवढा विश्वास ठेवला, याचाच मला आनंद झाला.

मी सकाळी आठपासून रस्त्याच्या पलीकडे एका फळवाल्याच्या गाडीपाशी उभा. हातांचं काय करावं कळेना. वही नसली की माझे हात रिकाम्या बादल्यांसारखे लटकतात. शेवटी एक कलिंगड घेतलं आणि ते पोटाशी धरून उभा राहिलो.

नऊच्या सुमाराला ती आली. निळी. खोळीशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. स्टेशनच्या आवारात दोन रिक्षा आणि एक टेम्पो यांच्यामधून ती सरळ आत शिरली, थांबली, आणि मागे घेऊन व्यवस्थित उभी राहिली. उलटी! चौदा फेऱ्यांचं चीज झालं. रिक्षावाले बघायला लागले. पुढच्या सीटवर सासूबाई, डोक्यावर ओढणी नीट घेतलेल्या, समोर बघत, जणू रोजच येतात.

रेल्वे आली, माणसं बाहेर पडायला लागली. तो लगेच ओळखू आला. दोरीने बांधलेले दोन खोके, एक मोठी बॅग, एक पांढरी टोपी. तो रिक्षावाल्याशी बोलायला लागला. रिक्षावाल्याने हात करून गाडी दाखवली. त्याने वळून बघितलं. आधी आईकडे, मग गाडीकडे, मग गाडीच्या नंबराकडे, मग परत आईकडे. मग ड्रायव्हरच्या जागेवर. खोके त्याच्या हातातच होते. मी कलिंगड इतकं घट्ट दाबलं की फळवाला म्हणाला, "साहेब, फुटंल."

सुनेने काच खाली केली. काहीतरी म्हणाली. त्याने काहीतरी विचारलं. सासूबाईंनी पुढून हात बाहेर काढला आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. तो तसाच उभा. मागच्या दारातून माझी बायको उतरली, खोके त्याच्या हातातून घेतले आणि डिकीत ठेवायला लागली, म्हणजे त्याला हलावंच लागलं. डिकी लावताना तो बंपरपाशी वाकला. चट्टा दिसला असणार. बायको काहीतरी बोलली. तो सरळ झाला, टोपी काढली, परत घातली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. बायको त्याच्या शेजारी. गाडी सुरू झाली, वळली, रस्त्यावर आली, माझ्या समोरून गेली. सुनेने माझ्याकडे बघितलंही नाही, रस्त्याकडे बघत होती. सासूबाईंनी मात्र काचेतून एक बोट वर केलं. मला वाटतं, ते त्यांचा नंबर सांगत होतं.

मी कलिंगड घेऊन बसने घरी आलो. बायको चारला आली, तिला दिघीहून परत यायचं होतं. ती आत शिरली आणि पिशवी ठेवायच्या आधीच हसायला लागली. भिंतीला टेकून हसली, पाणी पिताना हसली, ठसका लागला.

"काय झालं? काय म्हणाला तो?"

तिने पदराने तोंड पुसलं. "मजा आली."

"अगं, पण काय म्हणाला? रागावला? घाटात काय झालं?"

"घाटात त्याने एकदा 'ब्रेक' म्हटलं," एवढं म्हणून ती परत हसायला लागली.

"आणि मग अम्मी काय म्हणाल्या?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. एसटीत खिडकीला टेकून बघायची तशीच, प्रेमाने. "मला त्यांनी घरातलं माणूस म्हणून बसवलं होतं," ती म्हणाली. "ते सगळं गाडीत राहिलं."

माझ्या प्रबंधात आता एक वाक्य आहे: 'काही गोष्टी संशोधकाला कळल्या, त्या येथे लिहिलेल्या नाहीत.' मार्गदर्शक बाईंनी त्याखाली पेन्सिलने बरोबरची खूण केली. गाडी अजून आठवड्यातून एकदा पलीकडे जाते, आता खोळीची घाई न करता, आणि हा लेख सुनेने वाचून, दोन ठिकाणी खोडून, फेरीबोट ठेवायला परवानगी देऊन परत केला आहे. "ती काढली तर कुठं जायचं गाडीनं?" असं सासूबाई म्हणाल्या.

पण माणगाव ते दिघी त्या गाडीत काय बोलणं झालं, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी बायकोने कलिंगड कापायला घेतलं. सुरी चालवता चालवता तिला मध्येच काहीतरी आठवायचं, खांदे हलायचे, आणि ती माझ्याकडे पाठ करायची. मी समोर बसलो होतो, हात मोकळे, आणि ती देईल ती फोड खात होतो.